येत नाही म्हणायची सोय

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, कापसाची वेचणी ऐन जोरात, आणि तालुक्याच्या आयटीआयत मॉक इंटरव्ह्यू ठेवलेले. वीजतंत्रीच्या वर्गातली निम्मी पोरं वावरात होती. उरलेली इस्त्रीचे शर्ट घालून वऱ्हांड्यात रांगेनं उभी होती. मला बोलावलं होतं कारण मी वीज केंद्रात उभी नोकरी काढलेला माणूस, आता गावात रिकामा, आणि टेबलामागे बसवला की जरा कंपनीवाला दिसतो. खोलीत ट्यूबलाइटचा जुना चोक गुणगुणत होता आणि खिडकीतून शेजारच्या वर्कशॉपचा वास येत होता, कटिंग ऑइलचा आणि घासलेल्या लोखंडाचा. हा वास आला की माझे तळहात अजून हुळहुळतात. पोरं एकेक करून आत येत होती, ‘माय सेल्फ’पासून सुरू करत होती आणि ‘आय ॲम हार्डवर्किंग अँड पंक्चुअल’वर येऊन थांबत होती. कुणीतरी बाहेरून येऊन त्यांना एवढं पाठ करून दिलं होतं. पाचसहा जणांनंतर मला कंटाळा आला. पुढच्या पोराला मी विचारलं, “तुला काय येत नाही, ते सांग.” त्यानं भिंतीकडे पाहिलं. तिथे शॉक लागलेल्या माणसाला कृत्रिम श्वास कसा द्यायचा त्याचा तक्ता होता. मग दारात उभ्या निदेशकांकडे, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या सरांकडे पाहिलं. आणि म्हणाला, “सगळंच येते सर.”

संध्याकाळी एसटी स्टँडवर तो मला शोधत आला. चहाच्या टपरीशी उभा राहून, पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, त्यानं विचारलं, “सर, येत नाही ते सांगतलं, तं घेतात का जी कंपनीवाले?”

मी म्हणालो, चांगले असतील ते घेतात. तेवढ्यात गाडी लागली आणि मी चढलो. उत्तर खोटं नव्हतं, पण ते एसटी पकडणाऱ्या माणसाचं उत्तर होतं. त्या पोराला चांगले कोण, वाईट कोण, हे निवडायची मुभा कुठे आहे?

आमच्याकडे ‘येत नाही’ हे फारसं कुणी म्हणत नाही. रस्ता माहीत नसला तरी माणूस हात करून दाखवतो, समोर जा म्हणतो. शाळेत ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो सर’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हणणाऱ्याला उभं राहावं लागतं. मजुरीच्या बाजारात तर हा शब्द परवडतच नाही. सकाळी चौकात मजूर उभे असतात, ट्रॅक्टरवाला येतो, विचारतो, फवारणी जमते का? जमते. जो जमते म्हणेल तो ट्रॉलीत बसतो. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि त्या दाटीत फवारणी करता करता शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. माणसं गेली, काहींची नजर अधू झाली. पुढे मास्क वाटले गेले, पत्रकं निघाली. औषधांची सरमिसळ, चार्जिंगचे पंप, उंच पीक, उकाडा, कारणं पुष्कळ सांगितली गेली आणि ती खरीही होती. पण मला राहून राहून वाटतं की त्यातल्या एखाद्याला वास उग्र वाटला असेल, डोकं जड झालं असेल, आणि तरी त्यानं पाठीवरचा पंप खाली ठेवला नसेल. कुणासमोर ठेवणार? अर्ध्यावर पंप ठेवला की अर्धी मजुरी, आणि उद्या चौकात त्याच्याकडे कुणी बघणार नाही.

आणि विजेच्या कामात याचा हिशोब लगेच होतो. डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला की लाइनमनला फोन जातो. त्याच्याकडे गावं पुष्कळ, तो म्हणतो येतो. इकडे हरभरा पाण्यावर आलेला. मग गावातला झिरो वायरमन बोलावला जातो. त्याचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नसतं, पण त्याचा मोबाइल नंबर गावातल्या प्रत्येक मोटरवाल्याकडे असतो. तो डीपीची लाइन तोडणारा एबी स्विच ओढतो, खाली उभा राहून वर बघतो, आणि चढतो. आता त्या स्विचला पाती तीन असतात. गंजलेलं एखादं पातं चिकटून राहतं, दांडा मात्र पूर्ण खाली आलेला असतो. खालून, दुपारच्या उन्हात, डोळ्यावर हात धरून पाहणाऱ्याला तिन्ही उघडी वाटतात. चढण्याआधी डिस्चार्ज रॉड, तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारा दांडा, लावून पाहायचा असतो, तो कुणाकडे आहे? असे दोन जण मला माहीत होते. एक आता आहे, एका हातानं पानठेला चालवतो. त्यांच्यापैकी एकानं आयटीआय केलेलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. माहीत असणं आणि वीस माणसांच्या गर्दीत ‘लाइन बंद झाल्याची खात्री नाही, मी चढत नाही’ म्हणणं, यांत फार अंतर आहे. ते अंतर कुठल्या तासाला शिकवायचं, हे अभ्यासक्रमात सापडत नाही.

मी शिकलो ते वीज केंद्रात, आणि तेही ऐकून नाही, पाहून. आमचे फोरमन रोज सकाळी कामांची यादी वाचायचे. ट्रान्सफॉर्मर ऑइलचा तो गोडसर, जड वास, वर कोळशाची धूळ, चहाच्या ग्लासाच्या तळाशी सुद्धा काळी साय. एकदा एका मोठ्या मोटरचा आवाज बदलला होता. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मुठीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “हे माझ्या हद्दीतलं नाही. मेकॅनिकलवाल्यांना बोलवा.” एवढंच. आवाजात ओशाळलेपण नाही, काही नाही. ज्या माणसाला सगळा विभाग घाबरत होता तो चारचौघांत ‘मला कळत नाही’ म्हणाला आणि त्याची उंची इंचभरही कमी झाली नाही, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. नंतर कळलं की त्या सगळ्या जागेची घडणच तशी होती. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हाती आल्याशिवाय कुठल्याही यंत्राला हात नाही. ब्रेकर बाहेर ओढायचा, फ्यूज काढायचे, कुलूप घालायचं, लाल टॅग लावायचा, अर्थिंग करायचं, सही. काम संपल्यावर तोच कागद परत, पुन्हा सही, तोवर समोर प्रत्यक्ष मुख्य अभियंता उभा असला तरी स्विच लागत नाही. ‘माझी खात्री नाही’ म्हणायला तिथे धाडस लागत नव्हतं. तसा एक कागदच होता.

आता आयटीआयकडे वळतो. २०१२ मध्ये सामाजिक शास्त्र हा विषय जाऊन त्या जागी एम्प्लॉयबिलिटी स्किल्स आला. सध्याच्या आखणीत पहिल्या वर्षाला त्याचे १२० तास आहेत, व्यवसायाच्या प्रात्यक्षिकाचे ८४०, आणि त्याखेरीज १५० तास प्रत्यक्ष कामावर किंवा सामूहिक प्रकल्पावर. कागद वाईट नाही, उलट चांगला आहे. कष्टानं केलेला आहे. पण ८४० तासांतून पेरणी वजा करा, वेचणी वजा करा, पोळ्याच्या आधीचे-नंतरचे दिवस, लाइन नसलेल्या दुपारी, साहित्य यायची वाट पाहण्यातले आठवडे. उरलेल्या तासांत वीस पोरं आणि एक मोटर. तीही अशी मोटर, की जी कितीक बॅचनी उघडली, गुंडाळली, सोडली. तिचा बिघाड निदेशकांनी सकाळी स्वतः करून ठेवलेला असतो आणि तो शोधून काढला की पोरं खूष. कुठला फेज काढला असेल हे मागच्या बॅचनं सांगून ठेवलेलं असतं. जोडारीच्या, म्हणजे फिटरच्या, बाजूला तरी बरं. तिथे लोखंडाचा तुकडा घासून चौकोन करायचा, मापाचा व्हर्नियर लावायचा, आणि ०.०२ मिलिमीटरपर्यंत तो व्हर्नियर तुम्हाला तोंडावर सांगतो की चुकलं. त्याच्याशी ‘सगळंच येते सर’ चालत नाही. जोडारीची पोरं मुलाखतीत बोलतात कमी आणि बरी, असा माझा अनुभव आहे. कदाचित हा माझा पूर्वग्रहही असेल, मी आधी जोडारीतच घासघास घासलंय.

बाहेरची मोटर वेगळी. आमच्या शिवारात मोटर जळते ती पुस्तकातल्या कारणानं क्वचितच. तीनपैकी एक फेज गेला तरी कपॅसिटर लावून लोक ती दोनवर रेटतात. शेतीला लाइन या हप्त्यात दिवसा, पुढच्या हप्त्यात रात्री, म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला. मध्यरात्री लाइन येते तेव्हा शिवारातल्या सगळ्या मोटरी एका क्षणात उठतात आणि बिचारी डीपी बसते. कधी डीपीच जळते. मग पंधरा दिवस वर्गणी, अर्ज, ट्रॅक्टर. हा बिघाड एका मोटरचा नसून साऱ्या गावाचा असतो आणि तो दुरुस्त करायला वायरइतकंच माणसांशी बोलणं लागतं. कुणी आधी ऑटोस्विच काढायचा? याचं उत्तर इन्सुलेशन तपासायच्या कुठल्याच मेगरवर येत नाही. हे सगळं ज्या पोराच्या बापाच्या वावरात रोज घडतं, तो पोरगा मुलाखतीत विचारल्यावर थ्री फेज इंडक्शन मोटरची व्याख्या सांगतो. इंग्रजीत. मी दोघाचौघांना विचारलं, तुझ्या वावरातली मोटर मागच्या वेळी कशानं जळली? तेव्हा कुठे ते खुर्चीत नीट बसले आणि हात हलवून बोलायला लागले.

त्या दिवशी एकच मुलगी होती वीजतंत्रीची. तिलाही ‘काय येत नाही’ तेच विचारलं. तिनं जरा विचार केला आणि यादीच दिली. मोटर गुंडाळता येते, पॅनेलचं वायरिंग येते, केबल जॉइंट एकदाच केला आहे तेव्हा खात्री नाही. “आणि खांबावर चढता येत नाही. चढूच देलं नाही सर, मंग येईन कसं?” निदेशक दारातच होते. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. सगळ्या दिवसात मी एवढं चांगलं उत्तर ऐकलं नव्हतं. मी कंपनीत असतो तर तिला लगेच घेतलं असतं. आता मी कंपनीत नाही, हा भाग वेगळा.

कंपनीवाले मात्र वेगळीच तक्रार करतात. विदर्भातली पोरं टिकत नाहीत म्हणतात. दिवाळीला गावी आली की परतत नाहीत. ही तक्रार अगदीच खोटी नाही. आमच्या गल्लीतला एक चाकणला गेला आणि होळीच्या आत परत आला. माय म्हणाली, पाणी मानवलं नाही. खरं कारण त्यानं हळूहळू सांगितलं. इथून सांगितलं होतं कंपनीत लागला. तिथे गेल्यावर कळलं की कंपनी वेगळी, ठेकेदार वेगळा. एका खोलीत सहा जण, तीन दिवसपाळीचे आणि तीन रातपाळीचे, म्हणजे गादी कधी थंड होत नाही. पगाराची चिठ्ठी पहिल्यांदा हातात आली तेव्हा त्यातले आकडे का कापले हे त्याला कळलं नाही आणि विचारायचं कुणाला तेही कळलं नाही. त्याला वाटलं आपल्याला फसवलं. थोडं फसवलंही असेल. पण मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफला जातात, एकूण पगाराचा ०.७५ टक्का ईएसआयला जातो, त्या ईएसआयवर दवाखाना फुकट मिळतो, पीएफचा नंबर आपला असतो आणि ठेकेदार बदलला तरी बदलत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ताप आला तेव्हा तो खासगी दवाखान्यात खिशातले पैसे देऊन आला. हात कसा मिळवायचा, खुर्चीत कसं बसायचं, हे मात्र शिकवलं होतं. चाकणात त्याच्याशी हात मिळवायला कुणीही आलं नाही.

इथेही एक गोष्ट सांगून टाकतो, थोडी कडू आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. आयटीआय झाल्यावर वर्षभर कारखान्यात शिकाऊ म्हणून राहिलं तर हात खरा तयार होतो, हे मी माझ्यासोबतच्या दोन पिढ्यांत पाहिलंय. २०१९ च्या नियमांनी अशा उमेदवाराला महिन्याला किमान ७००० रुपये ठरवले. २०२४ मध्ये राज्यानं युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात आयटीआयवाल्याला ८००० रुपये. हजार रुपये जास्त आणि घरची भाकर. नागपूरजवळच्या बुटीबोरीत कारखान्याशेजारी खोली करून राहण्यापेक्षा पोरांनी जवळचं कार्यालय पत्करलं, त्यांना दोष देता येत नाही. पण सहा महिने वीजतंत्री झालेली पोरं दाखल्यांच्या अर्जांवर शिक्के मारत बसलेली मी पाहिली. एकानं मला अभिमानानं सांगितलं, सर, ऑफिसातला पंखा मीच दुरुस्त केला. बरं वाटलं ऐकून, आणि नाहीही वाटलं.

इथून एसटीनं दीड-दोन तासांवर वर्धा आहे. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली होती. हाताच्या कामातून शिक्षण द्यायचं, असं ठरलं, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला, सेवाग्रामला शाळा चालली. आमच्या मास्तरांच्या पिढीला टकळी हातात घेतल्याचं आठवत असे. सूत तुटलं की तुटलेलं दिसतं, ते लपवता येत नाही, ही त्या शिक्षणातली मला आवडणारी गोष्ट. आता त्याच मुलखात दहावीला कमी मार्क पडले म्हणून बाप पोराला आयटीआयत आणतो आणि ‘याले काही येत नाही सर’ अशी त्याची ओळख करून देतो. म्हणजे तो पोरगा दारातून आत येतो तेव्हाच त्याच्यावर हा शिक्का असतो. दोन वर्षं तो शिक्का खोडण्यात जातात. आणि मी म्हणतो की बाबा रे, येत नाही ते सांग. तो भिंतीवरच्या तक्त्याकडे बघणार नाही तर काय करेल?

त्याच आयटीआयत एक निदेशक आहेत. त्यांनी गेल्या वर्षापासून बाजाराच्या दिवशी लोकांच्या मोटरी घ्यायला सुरुवात केली. शेतकऱ्यानं बंद मोटर आणायची, तांब्याचे पैसे त्यानं द्यायचे, मजुरी नाही. मोटरीसोबत एक चिठ्ठी असते, दोन पोरांची नावं आणि तीन रकाने. काय सापडलं, काय केलं, काय जमलं नाही. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही, असा त्यांचा दंडक. सुरुवातीला पोरं तिथे ‘निरंक’ लिहायची, सरकारी फायलीतून उचललेला शब्द. मग एक मोटर तिसऱ्या दिवशी परत आली, पाणी शिरलेली, आणि तिचा मालक सगळ्यांसमोर अर्धा तास बोलला. त्यानंतरच्या चिठ्ठ्या मी पाहिल्या. ‘सील बसवता आलं नाही, सरांनी बसवलं.’ ‘बेअरिंगचा आवाज येतो, कारण कळलं नाही, बाहेर दाखवा.’ वाकडं अक्षर, शाईचे डाग, पण अशा चिठ्ठीवर मी माझ्या वेळी परमिट दिलं असतं.

हे सगळं गोडीनं चाललंय असं मात्र नाही. बाजारातले मोटर गुंडाळणारे वाइंडिंगवाले नाराज आहेत आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे, त्यांचं वर्षाचं पोट हंगामाच्या चार महिन्यांवर असतं. त्यातल्या एकाला निदेशकांनी शिकवायला बोलावून पाहिलं, तो दोनदा आला, नंतर नाही. जळालेल्या मोटरीची जबाबदारी कुणाची, असा प्रश्न वरून लेखी विचारला गेला आहे आणि त्याचं उत्तर कुणाजवळ नाही. पुष्कळ शेतकरी येतच नाहीत. “पोट्ट्याईच्या हाती मोटर देऊ काय? जळली तं कोन भरून देईन?” त्यांचंही बरोबर आहे. आणि ठेकेदारांचं काय? ते अजूनही ‘जमते’ म्हणणाराच उचलतात. स्टँडवरच्या त्या पोराला खरं सांगायचं तर असं सांगावं लागेल: बरेच जण घेत नाहीत. जे घेत नाहीत त्यांच्याकडे डिस्चार्ज रॉडही नसतो. हे मी त्याला कसं सांगू, त्याच्या घरी पगाराची वाट पाहणारे पाच जण असताना?

प्राचार्यांनी यंदा पुन्हा बोलावलंय. मी म्हटलं, मला टेबलामागे बसवू नका. एखादा मोटरवाला बसवा आणि पोरांना त्याच्याशी बोलू द्या. बिघाड काय, वेळ किती लागेल, खर्च किती, काय जमेल, काय नाही. तो घेईल मुलाखत. प्राचार्य हसले, म्हणाले बघू. निदेशकांनी मात्र माणूस शोधला, पाच एचपीची सबमर्सिबल, सोमवारपासून बंद. त्याला सांगितलं की पोरं उघडतील, सर सोबत राहतील, विचारतील ते सांगायचं. तो तयार झाला. फक्त म्हणाला, “संध्याकाळपर्यंत पायजे बरं का. या हप्त्यात रात्रीची लाइन हाय.” निदेशक म्हणाले, आधी उघडून पाहू द्या, मग सांगतो. यावर दोघांची बरीच वेळ घासाघीस चालली आणि शेवटी तांब्याचे पैसे आधी घ्यायचे की नंतर, इथे अडली.